आले, अण्णा

१

कालिंदीने आधी बारका ड्राइव्ह निवडला होता. त्यावरच भागवलं असतं तर पुढचं काही कळलंच नसतं. पण अर्धवट काम सोडणं तिला कधी जमलं नाही, आणि त्या एका सवयीपायी तिचा निम्मा जन्म गेला होता.

हिंगोलीच्या बसस्टँडमागे विकास राठोडचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. विकास मूळचा तांड्यावरचा, शिकून शहरात स्थिरावलेला, गिऱ्हाइकाला घाई न करणारा माणूस. औंढ्याहून बसने आलेली कालिंदी पाठक पर्स मांडीवर घेऊन बसली, तेव्हा त्याने आधी पंखा तिच्याकडे वळवला.

"सीडी लावायचा ड्राइव्ह पाहिजे," ती म्हणाली. "बाहेरून जोडायचा. आमच्या कॉम्प्युटरला सीडीचा कप्पाच नाही."

"आता कोन्त्याच कॉम्प्युटरला नसतो ताई. सीडी वाजवतं कोन? लग्नाची शूटिंग हाये का?"

"वडलांचा आवाज आहे."

विकासने कपाटातून दोन ड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवले.

वडील म्हणजे राधाकृष्ण पाठक. औंढ्यात सगळे त्यांना गुरुजी म्हणत, घरात ते अण्णा. नागनाथाच्या देवळात रुद्र म्हणण्यात त्यांची उभी हयात गेली, आणि गेल्या मार्गशीर्षात ते गेले. अनिरुद्ध नावाच्या त्यांच्या शिष्याने कधीतरी घरी येऊन त्यांचं म्हणणं रेकॉर्ड केलं होतं आणि सीड्या करून दिल्या होत्या. कधी केलं ते कालिंदीला नेमकं आठवत नव्हतं. ती घरातच असणार, कारण ती नेहमी घरातच असायची. आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, आणि येणाऱ्या लोकांच्या मोबाइलवर तो आवाज द्यावा असं मुकुलच्या मनात आलं. मुकुल तिचा धाकटा भाऊ, पुण्याला नोकरीला. त्याने आपल्या घरातला वापरलेला कॉम्प्युटर औंढ्याला पाठवला आणि फोनवर सांगितलं, "एक ड्राइव्ह आण आणि सगळं कॉपी करून मला पाठव. सोपं असतं गं ताई. तुला वेळ आहे."

तुला वेळ आहे, हे ती मुकुलकडून कितव्यांदा ऐकत होती कोण जाणे.

"हे बारकं कॉम्प्युटरातूनच करंट घेतं," विकास सांगत होता. "एक वायर लावली की झालं. पन चरे पडलेली सीडी आसंल तर अडकतं, सोडून देतं. हे दुसरं मी जुन्या टॉवरातून काढून डब्यात बसवलेलं. जड हाये, घरघर करतं, बोर्डातून येगळा करंट लागतो. पन हट्टी हाये. न्हाई वाचता आलं तर पुन्हा पुन्हा तिथंच फिरतं. तरी बी न्हाई जमलं तर आजूबाजूचं बघून मधलं भरून काढतं."

"भरून काढतं म्हणजे?"

"अंदाजानं. तुमाला कळनार बी न्हाई."

"अंदाजाचं नको," कालिंदी म्हणाली आणि तिने बारका ड्राइव्ह पर्समध्ये टाकला.

२

पाठकांचं घर देवळामागच्या गल्लीत आहे. साधं स्लॅबचं घर. पुढे बैठक, मधे अण्णांची खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे नळ आणि तुळस असलेलं परस. बैठकीतून हाक मारली की स्वयंपाकघरात ऐकू जायची, पण बोलणारं माणूस दिसायचं नाही.

दुपारची भांडी आवरून तिने बैठकीत कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली आणि सीडी लावली. ड्राइव्ह जरा गुणगुणला, आणि अण्णा म्हणू लागले.

तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. आवाज खणखणीत होता, शेवटच्या वर्षांतला ओलसर, चिडका आवाज नव्हता तो. पण ऐकता ऐकता तिच्या खांद्यांत जुना ताण भरला. अण्णा म्हणत असले की घरात भांडं वाजवायचं नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, आणि मधे कधीही हाक येईल म्हणून कान तिकडे ठेवायचा. आत्ताही तिचा एक कान तसाच टवकारलेला होता, आणि हे लक्षात आल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं.

मग ती हाक आलीच. आवर्तन संपलं, अण्णा खाकरले आणि म्हणाले, "कालिंदीऽ, पाणी."

त्यानंतर ड्राइव्ह अडखळला. टिकटिक झाली आणि शांतता पसरली. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला तेव्हा अण्णांचा घसा ओला होता, पाणी पिऊन झालं होतं.

कालिंदी एकटीच हसली. देवाचं म्हणणं टिकवायला बसले, तिथेही पाणी मागितलंच. मुकुलचं नाव कुठे येतं का पाहायला तिने पुढचंही ऐकलं. मुकुलचं नाव नव्हतं. तिचं मात्र आणखी बरेचदा होतं. कालिंदी, खिडकी लाव. कालिंदी, शाल. दर वेळी हाकेनंतर ड्राइव्ह अडायचा, शांतता व्हायची, आणि काम झालेलं असल्यासारखे अण्णा पुढे म्हणू लागायचे.

तिने जे मिळालं ते मुकुलला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला.

"मधे मधे तुटून राहिलंय ताई. लोकांना असं कसं द्यायचं? दुसरा चांगला ड्राइव्ह नाही का तिथं?"

"आहे एक."

"मग तो घे ना. आणि ताई, ते नांदेडच्या होस्टेलचं काही नक्की करू नकोस. आपण श्राद्धाला बोलू."

नांदेडला मुलींच्या एका वसतिगृहात अधीक्षिकेची जागा होती. राहायला खोली, जेवण, आणि स्वतःच्या नावाने ओळखणारी माणसं. वर्षश्राद्ध झालं की येते, असं कालिंदीने कळवून टाकलं होतं. मुकुलला ते पटत नव्हतं. अण्णांच्या घराला कुलूप लागणार, म्हणजे त्याने तिथे कधी यायचं आणि कोणाकडे यायचं.

ती पुन्हा हिंगोलीला गेली आणि विकासला म्हणाली, "ते हट्टी द्या."

३

मोठा ड्राइव्ह खरंच घरघर करायचा. टेबल थरथरायचं. अण्णांचं आवर्तन संपलं, ते खाकरले, हाक मारली, "कालिंदीऽ, पाणी." सीडी आत वेगाने फिरली, थांबली, पुन्हा फिरली. आणि या वेळी शांतता झाली नाही.

"आले, अण्णा."

आवाज कालिंदीचा होता.

लांबून, भिंतीपलीकडून आलेला. मग अनवाणी पावलं, टाच आधी टेकणारी. स्टुलावर पेला टेकल्याचा आवाज, आणि टेकवल्यावर तो जरासा फिरवल्याची खरखर. पेल्याखालचं पाणी पुसलं जावं म्हणून कालिंदी पेला तसा फिरवते. लहानपणापासूनची खोड.

तिला बरंच वाटलं. इतकी वर्षं केलं त्याचा कुठेतरी आवाज तरी राहिला. वर्षश्राद्धाला लोक ऐकतील, म्हणतील, कालिंदी होती म्हणून गुरुजींचं सगळं झालं. तिने पुढच्या हाका ऐकल्या. खिडकी लाव म्हटल्यावर खिडकी लागली. शाल म्हटल्यावर, "आणते." सगळं होतं. बारक्या ड्राइव्हने गाळलेलं सगळं हट्टी ड्राइव्हने वाचून काढलं होतं.

मग तिने दुसरी सीडी लावली. अण्णांनी अनुष्ठान सुरू करण्याआधी संकल्प सोडला होता. संकल्पात संवत्सर, अयन, ऋतू, महिना, तिथी, वार सगळं येतं. अण्णा ते सावकाश, स्पष्ट म्हणत. जय नाम संवत्सर, दक्षिणायन, वर्षा ऋतू, श्रावण मास.

कालिंदी खुर्चीत ताठ झाली.

जय संवत्सरातल्या श्रावणात ती औंढ्यात नव्हती. आषाढ सरता सरता तिला नांदेडला दवाखान्यात नेलं होतं. गर्भाशय काढावं लागलं. त्यानंतर मावशीकडे आराम केला आणि पोळ्याच्या दिवशी ती घरी आली. तिच्या आयुष्यात औंढ्याबाहेर गेलेला तेवढा एकच श्रावण. तो विसरण्यातला नव्हता.

तिने संकल्प पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग पुढे नेलं. "कालिंदीऽ," अण्णा म्हणाले, "दिवा पाहा जरा."

"पाहते, अण्णा," कालिंदीचा आवाज म्हणाला.

४

शिकलेल्या बाईने करावं ते तिने सगळं केलं. अण्णा संवत्सर चुकले असतील? दात्यांचं पंचांग चुकेल, अण्णा चुकायचे नाहीत. शेवटच्या आजारातही त्यांना तिथी ठाऊक असायची, वेळ कळायची नाही. मग दोन वेगळ्या वेळची रेकॉर्डिंगं एकत्र झाली असतील? पण दिवा पाहा म्हणणारा आवाज आणि संकल्प सोडणारा आवाज मधे न तुटता एका ओघात येत होता. मागे पावसाची एकच रिपरिप होती.

तिने विकासला फोन लावला.

"तुम्ही म्हणालात ना, मधलं अंदाजाने भरतं. बाईचा आवाज भरतं का?"

"अवो ताई, अंदाज म्हनजे अर्ध्या श्वासाएवढा. वर एक सूर, खाली एक सूर, मधला त्यानं जुळवायचा. नाव घेतल्यावर व्हय म्हनायला त्याला कुठून येनार? तुमी घरात होत्या, तुमचा आवाज आला. त्यात काय?"

"हो, तेच," असं म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी ती समोर रुक्माबाईकडे गेली. रुक्माबाई देवळाच्या वाटेवर बेल-फुलं विकते, आणि अण्णांच्या पूजेचा बेल कित्येक वर्षं तीच घरी आणून द्यायची. ओट्यावर बसून ती उद्याची बेलपानं निवडत होती.

"रुक्माबाई, माझं ऑपरेशन झालं तो श्रावण आठवतो का?"

"आठवतो की. तुमी नांदेडात होता. मंग लगेच आल्या बी."

"लगेच कुठं? पोळ्याला आले मी."

रुक्माबाईने एक किडकं पान बाजूला टाकलं. "मंग घरात कोन बोलत होतं? मी सकाळी बेल घेऊन यायची, गुरुजी हाक मारायचे, तुमी आतून व्हय म्हनायच्या. मला वाटलं, बाईला दवाखान्यातून काहून लवकर धाडलं. पोटाला टाके असून बी राबून राहिली, म्हनलं."

"मी दिसले होते का तुम्हाला?"

रुक्माबाईने मान वर केली. प्रश्नच तिला कळला नसावा. "तुमी कवा दिसता, कालिंदीबाई? तुमचं काम आत."

५

त्या श्रावणात अण्णांजवळ राहायचं कबूल केलं होतं ते मुकुलने. रजा काढून आला होता. तिने त्याला फोन केला.

"मुकुल, माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू किती राहिलास औंढ्याला?"

"आता हे काय मधेच?"

"सांग ना."

"राहिलो की, तू येईपर्यंत."

"मी पोळ्याला आले. तू पोळ्याला नव्हतास. तू आदल्या दिवशी गेलास असं मला वाटत होतं."

"ताई, काहीतरी बोलू नकोस. तू लवकर आलीस. मी बैठकीत पेपर वाचत होतो, तू आतून म्हणालीस, मुकुल, तू जा, मी आहे. मी चहा घेतला आणि गाडीला गेलो. मला बरं आठवतं, कारण रजा वाचली म्हणून मला आनंद झाला होता."

कालिंदीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "चहा कोणी दिला?"

"तू ठेवला होतास. टेबलावर होता."

"माझं तोंड पाहिलंस?"

पलीकडे त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"गाडीची वेळ झाली होती," तो म्हणाला. "आतूनच बोललो आपण."

"दवाखान्यातून आलेल्या बहिणीला आत येऊन कसं वाटतंय विचारलं नाहीस."

"विचारलं असेन ना. एवढ्या वर्षांचं कोण लक्षात ठेवतं? आणि हे बघ, नव्या फाइलीत तुझा आवाज छान आलाय मधे मधे. काढू नकोस, राहू दे. लोकांना आवडेल."

फोन ठेवल्यावर ती तिथेच बसून राहिली. तिला पोळ्याचा दिवस आठवत होता. पोटावर हात धरून ती रिक्षातून उतरली होती. घर झाडलेलं, भांडी लखलखीत. मुकुलने बाई लावली असेल असं तिला वाटलं. अण्णा बैठकीत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, तब्येत विचारली नाही, नुसतं म्हणाले, "तूप संपलंय गं." ती रात्रभर रडली होती, आणि ते एक वाक्य तिने अण्णांना कधी माफ केलं नाही. आता कळत होतं. अण्णा निष्ठुर नव्हते. त्यांच्या लेखी ती कुठे गेलेलीच नव्हती.

शेवटच्या दुखण्यात ती पाणी घेऊन गेली की ते चिडायचे. "आत्ता तर देऊन गेलीस. किती वेळा पाणी पाजशील?" ती मनात म्हणायची, वय झालं.

हे सगळं भीतीचं होतं, आणि ती घाबरलीही होती. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी चढत होतं, कडू, पित्तासारखं. परभणीचं स्थळ तिने नाकारलं होतं. मुलगा तिला आवडला होता, तिचं गाणं ऐकून त्याने पुन्हा गायला सांगितलं होतं. पण आई गेलेली, मुकुल शिकत होता, आणि अण्णांना पाणी कोण देणार? मग बी.एड.चा प्रवेश सोडला. अण्णांना पाणी कोण देणार? घरचे, दारचे, सगळे हेच विचारायचे, आणि तीही स्वतःला हेच विचारत आली. आणि द्यायला कोणीतरी होतं. एवढंच नाही, तिच्यापेक्षा तत्पर होतं. ती गेली असती तर कोणाचं काही अडलं नसतं. कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अण्णांच्या खोलीत गेली. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. ती मोकळ्या खाटेच्या कडेवर बसली. बाहेर गल्लीत ऊन पडलं होतं, देवळातून लाउडस्पीकरवर कोणाच्या तरी हरवलेल्या लेकराचं नाव सांगत होते. परसातला नळ सुटा होता, बादलीत बारीक धार पडत होती.

तिने स्वतःला वेडी म्हणून पाहिलं. मग अण्णांच्या सुरात, शेवटचं अक्षर लांबवत हाक मारली.

"कालिंदीऽ."

काही झालं नाही. फ्रिजची घरघर चालू होती. गल्लीतून मोटारसायकल गेली. ती सुस्कारा सोडून उठणार, एवढ्यात परसातली पाण्याची धार थांबली. आधी बारीक झाली, मग थेंब थेंब, मग नळाचं चाक शेवटी पिळल्यावर होतो तो करकर आवाज.

कालिंदी खाटेवरून उठली नाही. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर जाईपर्यंत ती तशीच बसून होती, पाय वर घेऊन.

६

वर्षश्राद्ध व्यवस्थित झालं. मुकुल एकटाच आला होता. ब्राह्मण जेवून, दक्षिणा घेऊन गेले, लोक अण्णांचा आवाज मोबाइलवर घेऊन गेले. "मधे तुमचा बी आवाज येतो," एकजण कालिंदीला म्हणाला, "गुरुजींनी हाक मारायचा अवकाश."

गेले काही दिवस ती घरात सावकाश वावरत होती. खोलीत शिरण्याआधी खाकरायची. स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायची नाही. कॉम्प्युटर तिने वायर काढून चादरीखाली झाकून ठेवला होता. नांदेडला न्यायची बॅग परसातल्या फाटकामागे भरून तयार होती, आणि मुकुलला सांगायचं वाक्य तिने मनात घोकून ठेवलं होतं.

चारच्या सुमाराला ती परसात पत्रावळी गोळा करत होती. मुकुल बैठकीत मोबाइल पाहत लोळला होता. त्याची गाडी संध्याकाळची.

"ताई," त्याने आतून हाक मारली, "चहा टाक ना."

ती हात धुवायला नळाकडे वळली. ओ द्यायला तोंड उघडलं.

"टाकते रे," स्वयंपाकघरातून आवाज आला.

कालिंदीच्या हातातली पत्रावळ तशीच राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी आहे, उन्हात बाहेरून आतलं फारसं दिसत नाही. गॅस पेटल्याचा आवाज झाला. साखरेच्या डब्याचं झाकण निघालं.

"ताई, मी काय म्हणतो," मुकुल बैठकीतून बोलत होता, "ते नांदेडचं सोड. या वयात कोणाच्या पोरींमागे कशाला फिरायचं? इथं घर आहे. मी येतजात राहीन. तू आहेस म्हणून मला या घराची काळजी नाही. खरंच सांगतो."

त्याने वळून पाहिलं असतं तर बैठकीच्या दारातून अण्णांची खोली दिसली असती, आणि खोलीच्या पलीकडे स्वयंपाकघराची चौकट. उठून चार पावलं टाकली असती तर सगळंच दिसलं असतं. तो उठला नाही.

"नाही जात रे," कालिंदीचा आवाज आतून म्हणाला. त्यात राग नव्हता, दमणूक नव्हती. इतक्या मायेने कालिंदी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. "मी कुठं जाते तुम्हाला सोडून?"

"झालं तर मग," मुकुल म्हणाला.

कालिंदी जाळीजवळ गेली. जाऊ नये असं वाटत असतानाही गेली. ऊन अडवायला डोळ्यांवर हात धरून तिने आत पाहिलं. ओट्यापाशी पाठमोरं कोणी उभं होतं, जरा पुढे झुकून, उजवा पाय मुडपून, जसं दुखऱ्या कंबरेचं माणूस उभं राहतं. पाठीवर जाड वेणी होती. काळीभोर. परभणीचं स्थळ आलं तेव्हा होती तेवढी. आपल्याकडे कोणी पाहतंय हे कळल्यासारखी ती वेणी जराशी हलली, आणि ते डोकं खिडकीकडे वळू लागलं.

कालिंदीने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच ती मागे सरली, भिंत चाचपत फाटकापर्यंत आली, बॅग उचलली आणि बाहेर पडली. पायात घरातली चप्पल होती. मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिला होता. आत जाऊन तो आणण्याचा विचारही तिच्या मनाला शिवला नाही.

रुक्माबाई दुकानावर होती. कालिंदी तिच्यासमोरून बसस्टँडकडे गेली. रुक्माबाईने तिच्याकडे पाहिलं, ओळख न पटल्यासारखं, आणि पुन्हा गिऱ्हाइकाला बेल मोजू लागली.

७

वसतिगृहात तिला खोली मिळाली. पोरी चांगल्या होत्या, कलकलाट करणाऱ्या, मधेच रडणाऱ्या, घरची आठवण काढणाऱ्या. त्यांना रागवावं लागायचं, औषधं द्यावी लागायची. कालिंदीला काम जड गेलं नाही. झोप मात्र हलकी झाली.

ती मुकुलच्या फोनची वाट पाहत होती. मोबाइल नाही, पण वसतिगृहाचं नाव त्याला माहीत होतं. बहीण न सांगता घरातून निघून गेली, तर माणूस चौकशी करतो, पोलिसात जातो, निदान चिडून भांडायला तरी येतो. कोणी आलं नाही. पोरींच्या परीक्षा होऊन गेल्या, संक्रांत गेली. शेवटी एका सकाळी तिने ऑफिसच्या फोनवरून त्याचा नंबर लावला.

"मुकुल, मी बोलतेय."

"कोण?"

"ताई."

"कोण बोलताय तुम्ही?"

"अरे, मी कालिंदी. नांदेडहून बोलतेय. आवाज ओळखत नाहीस?"

"आवाज बराबर काढलाय," मुकुल म्हणाला. त्याचा स्वर परक्या माणसाशी बोलतानाचा, गार होता. "हे बघा बाई, असले फोन हल्ली फार येऊन राहिलेत. आवाज काढायचा आणि माणसाला फसवायचं. माझी ताई औंढ्याला घरी आहे. आत्ता दहा मिनिटांपूर्वी बोललो मी तिच्याशी."

"काय म्हणाली ती?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नसावा. क्षणभर तिला त्याचा श्वास ऐकू आला. काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं असेल, असं तिला नंतर वाटत राहिलं.

"ते तुम्हाला कशाला पाहिजे?" तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तिने पुन्हा लावला नाही. औंढ्याला जाऊन पाहावं असं एकदोनदा मनात आलं. पण जाऊन दार वाजवायचं, आणि आतून कोणी "कोण आहे?" विचारलं, तर काय सांगायचं, ते तिला सुचलं नाही.

आता ती तिथेच आहे. कामाला चोख, पोरींत रमलेली. फक्त तिची एक सवय सगळ्यांच्या लक्षात आली आहे आणि पोरी तिच्यामागे त्यावरून हसतात. व्हरांड्याच्या टोकाहून कोणी "कालिंदीताई" अशी हाक मारली, की ती लगेच ओ देत नाही. हातातलं काम थांबवून, मान जराशी तिरकी करून ती ऐकत उभी राहते. दुसऱ्या कोणीच ओ दिली नाही, याची खात्री झाल्यावर मग म्हणते, "आले."